मध्यरेषेवरची शांतता

विज्ञान शाखेत प्रयोगवही लिहिण्याची एक पद्धत होती. ती कोणी शिकवत नसे आणि तरीही सर्वांना येत असे. निरीक्षणांचा तक्ता आधी पेन्सिलने भरायचा, मग सूत्रात आकडे घालून उत्तर काढायचे. उत्तर पुस्तकातल्या किमतीच्या जवळ आले, की तक्ता पेनने गिरवायचा. नाही आले, तर उत्तराकडून उलट चालत यायचे आणि पेन्सिलचे आकडे खोडून सोयीचे आकडे लिहायचे. याला आम्ही ‘रीडिंग बसवणे’ म्हणत असू. मी त्यात वाकबगार होते. आकडे अगदी तंतोतंत जुळले तर संशय येतो, म्हणून मी मुद्दाम इथे-तिथे थोडी चूक पेरत असे. माझी रीडिंग्ज इतकी नैसर्गिक दिसत, की वर्गातल्या दोघी-तिघींचे लंबक माझ्या वहीवरूनच झुलत.

त्या वर्षी, अकरावीच्या उन्हाळ्यात, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत विद्यार्थ्यांसाठी सहा आठवड्यांचे शिबिर होते. खरी प्रयोगशाळा, खरे शास्त्रज्ञ, आणि प्रत्येक कॉलेजातून एकच नाव. ते नाव माझेच असणार, असे मी गृहीत धरले होते. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी यवतमाळकडून पुण्यात आलेले. आम्ही धायरीत राहत असू. आमच्या इमारतीत माझे भवितव्य सर्वानुमते ठरलेले होते: इंजिनिअरिंग, आणि तेही कॉम्प्युटर. शहरात दर चौकाला संगणकाचा वर्ग उघडत होता आणि ‘कॉम्प्युटर’ हा शब्द उच्चारला, की मुलांच्या करिअरवरची कोणतीही चर्चा समाधानाने संपत असे. माझा त्याला विरोध नव्हता. पण फिजिक्स मला मार्कांपुरते येते की खरोखर येते, हे मला एकदा जाणत्या माणसांकडून तपासून घ्यायचे होते. ती जागा गेली, तर मी बारावीत सरळ प्रवेशपरीक्षांच्या रांगेत उभी राहणार आणि तो प्रश्न कायमचा मागे पडणार, हे मला स्वच्छ दिसत होते.

अर्ज दोघींचे होते: माझा आणि बाकावरच्या माझ्या मैत्रिणीचा. ती शनिवार पेठेतली, तीन पिढ्या शिक्षकांच्या घरातली. अक्षर छापल्यासारखे आणि जीभ तासलेली. फिजिक्सच्या मॅडमनी आम्हाला स्टाफरूमच्या दारातच उभे केले.

“मार्क दोघींनाही आहेत, त्यामुळे मार्कांचं कौतुक मला सांगू नका,” त्या म्हणाल्या. “एक घटना निवडा. साहित्य स्वतःचं आणा आणि ती मला दाखवा. पुस्तकातली वाक्यं म्हणून दाखवायची नाहीत. वाचता मलाही येतं.”

मैत्रिणीने भिंगे निवडली. मी ध्वनीचे व्यतिकरण निवडले, कारण ते पुस्तकात अर्ध्या पानात उरकलेले होते आणि मला ते पूर्ण समजले आहे, अशी माझी खात्री होती. मूळ कल्पना अध्यारोपणाची. दोन लाटा एका जागी आल्या, की त्या एकमेकींना ढकलत नाहीत किंवा अडवत नाहीत. त्या जागी त्यांची बेरीज होते आणि मग त्या आपापल्या वाटेने पुढे जातात. मात्र ही बेरीज चिन्हासह करायची. शिखरावर शिखर आले तर आवाज वाढतो, शिखरावर दरी आली तर शांतता. एकाच सुराचे दोन स्पीकर एकमेकांपासून थोड्या अंतरावर ठेवले आणि त्यांच्यासमोर आडवे चालत गेले, तर आवाज मोठा, लहान, पुन्हा मोठा असा ऐकू यायला हवा. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर असलेल्या मधल्या जागी तो सर्वांत मोठा हवा, कारण तिथे दोन्ही लाटा बरोबरीने पोचतात.

सुराची सोय संगणकाच्या वर्गात झाली. एका ओळीचा प्रोग्रॅम लिहून मी तिथल्या यंत्राला सेकंदाला सहाशे ऐंशी कंपनांचा एकसुरी आवाज काढायला लावला आणि तो कॅसेटवर भरून घेतला. या सुराची तरंगलांबी हवेत अर्धा मीटर भरते. हिशेबाला सोयीची, म्हणून तीच निवडली. स्पीकर आणि वायर आणायला मी बुधवार पेठेत गेले. दुकानदार पन्नाशीचे होते. वायर मापून देताना म्हणाले, “एका तारेवर पांढरी पट्टी आहे. पट्टी बघून जोडा.”

“हा आवाजाचा सिग्नल आहे, काका,” मी समजावून सांगितले. “प्रवाह सारखा उलटसुलट होतो. त्याला अधिक-उणे नसतं.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “असं होय? मग कंपनी ती पट्टी नक्षी म्हणून छापत असेल. पिशवी आणलीय का तुम्ही?”

घरी मी वडिलांच्या टेपरेकॉर्डरला दोन्ही स्पीकर जोडले, पट्टीकडे न पाहता. आमच्या खोलीत आवाज चार भिंतींवरून परतत होता, त्यामुळे जागोजागी तो लहानमोठा होत होता. कुठे मोठा आणि कुठे लहान, हे मी मोजले नाही. लहानमोठा होतो आहे एवढे मला पुरेसे वाटले.

वडील कामावरून आले आणि दारातच थबकले. “काय करून राहिली तू? कान किटले ना माझे.”

“व्यतिकरण.”

“मोजून राहिली का नुसती वाजवून राहिली?”

“मोजायचं काय त्यात, बाबा? सूत्रावरून निघतं.”

ते “हं” म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. कारखान्याच्या तपासणी विभागात ते दिवसभर मोजमापेच करत. पण घरी त्याविषयी क्वचित बोलत.

त्या संध्याकाळी मी तक्ता भरला. स्पीकरांमधले अंतर दीड मीटर, समोरची रेषा सहा मीटरवर. सूत्रानुसार मध्यावर मोठा आवाज, दोन्ही बाजूंना एक-एक मीटरवर शांतता, दोन-दोन मीटरवर पुन्हा मोठा आवाज. मी एका बाजूला ०.९८ लिहिले आणि दुसऱ्या बाजूला २.०३, म्हणजे सवयीप्रमाणे थोडी चूक पेरली. आकडे जुळले होते, म्हणून पेन्सिलवरून लगेच पेन फिरवले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, प्रॅक्टिकलच्या तासाला आमची वीस जणींची बॅच कॉलेजच्या मागच्या मैदानात आली. मॅडमनी आधी माझी वही मागून घेतली, चाळली आणि काखेत धरून ठेवली. मी घरच्याच जोडणीने स्पीकर मांडले, समोर चुन्याने रेषा आखली, तिच्या मध्यावर फुली मारली, टेपरेकॉर्डर सुरू केला आणि मैत्रिणीला फुलीवर उभे केले.

“इथे आवाज सर्वांत मोठा येईल,” मी जाहीर केले.

ती उभी राहिली. मान कलती करून तिने ऐकले. “इथे? इथे तर काहीच पोचत नाहीये.”

“नीट ऐक.”

“नीटच ऐकतेय. तुझा आवाज बहुधा धायरीहून बसने येतोय.”

बॅच हसली. मागून कोणीतरी म्हणाले, “अगं, एक स्पीकर मेलाय तिचा.”

मी फुलीवर जाऊन उभी राहिले आणि एकाच जागेचा आवाज ऐकू यावा म्हणून एका कानात बोट घातले. ती म्हणत होती ते खरे होते. सूर होता, पण भिंतीपलीकडून यावा तसा क्षीण. मी उजवीकडे सरकत गेले. साधारण एक मीटरवर, जिथे माझ्या वहीत पेनने ‘शांत’ असे लिहिलेले होते, तिथे आवाज कानावर आदळला. डावीकडेही तसेच. म्हणजे सर्व काही होते आणि सर्व काही नेमके उलटे होते.  माझी वही मॅडमच्या काखेत होती आणि शिबिराची जागा त्या वहीवर अवलंबून होती.

घाबरून जाण्याइतका वेळ नव्हता, म्हणून मी एकेक शक्यता बाद करायला सुरुवात केली. एक स्पीकर मेला असेल, तर जागोजागी फरक पडायलाच नको. एकट्या आवाजाला शांत जागा नसतात. तरी खात्री करावी म्हणून मी मैत्रिणीला फुलीवरच राहायला सांगितले आणि डाव्या स्पीकरची वायर उपटली.

“आता आला,” ती म्हणाली. मग जरा गोंधळून, “आता चांगला मोठा येतोय.”

“थांब,” मॅडम म्हणाल्या. “आत्ता काय केलंस?”

“एक स्पीकर बंद केला.”

“आणि आवाज?”

“वाढला.”

“एक कमी केल्यावर वाढला,” त्या सावकाश म्हणाल्या. “पुन्हा जोड.”

मी जोडली. आवाज पडला. उपटली, वाढला. आता बॅचमधले कोणी हसत नव्हते. एकेक जणी फुलीवर येऊन, कानात बोट घालून, मला हाताने ‘काढ’, ‘जोड’ अशा खुणा करू लागली. आज मी एका काचेच्या इमारतीत बसून आवाजातला गोंगाट वेगळा काढणाऱ्या प्रणाल्या लिहिते आणि अध्यारोपणाचे समीकरण आठवड्यातून निदान एकदा तरी माझ्यासमोर येते. पण त्याचा अर्थ मला त्या मैदानात कळला. तोवर मला वाटत असे, की शांत जागी लाटा पोचतच नसाव्यात किंवा एकमेकींना मारून टाकत असाव्यात. एक वायर उपटताच ज्या वेगाने दुसऱ्या स्पीकरचा आवाज प्रकट झाला, त्यावरून स्पष्ट होते, की त्याची लाट तिथे आधीपासून पूर्णपणे हजर होती. दोघीही हजर होत्या. तिथे फक्त त्यांची बेरीज शून्य होती.

मग पुढची पायरी अवघड नव्हती. फुलीपासून दोन्ही स्पीकर सारख्याच अंतरावर होते, म्हणजे वाटेत कोणतीच लाट मागे पडत नव्हती. तरीही फुलीवर शिखराशी दरी येत होती. याचा अर्थ, त्या निघतानाच उलट्या निघत होत्या. मी गुडघे टेकून वायरी पाहिल्या. एका स्पीकरला पट्टीची तार डाव्या टोकाला होती, दुसऱ्याला उजव्या. एकाचा पडदा पुढे येत होता तेव्हा दुसऱ्याचा मागे जात होता. बुधवार पेठेतल्या काकांना मी जे समजावून सांगितले होते, ते एकट्या स्पीकरपुरते बरोबर होते. एकटी लाट उलटी की सुलटी, हे कानाला कळत नाही. पण दोन लाटा झाल्या, की कोण कोणाच्या उलट आहे, यावरच सारे ठरते. मी एकाच स्पीकरचा विचार दोनदा केला होता. दोघांचा एकत्र विचार केलाच नव्हता.

मी एका बाजूच्या तारा अदलाबदल करून जोडल्या. फुलीवर उभ्या असलेल्या मैत्रिणीने कानातले बोट काढले आणि मोठ्याने म्हणाली, “आली बाई बस.”

टाळ्या पडल्या. मी मॅडमना कारण सांगितले, पुस्तकातला एकही शब्द न वापरता, आणि सांगतानाच मला जाणवले की प्रयोग यशस्वी झाला आहे. इतकेच नव्हे, तर माझा तक्ताही आता बरोबर ठरला आहे.

मॅडमनी वही उघडली. “टेबल जुळलं तुझं.”

“हो.”

“ही रीडिंग्ज कधी घेतलीस?”

‘काल, घरी’ हे उत्तर तयार होते आणि त्यात फार खोटेही नव्हते, कारण स्पीकर काल घरी वाजलेच होते. पण कालच्या जोडणीने मध्यावर शांतता यायला हवी होती, आणि ही गोष्ट मॅडमच्या ध्यानात आली नसेल, असे मानणे मूर्खपणाचे होते. शिवाय गेल्या पंधरा मिनिटांत मी पहिल्यांदाच एखादी गोष्ट स्वतः शोधून काढली होती. तिच्यावर लगेच खोटे रचण्याची माझी इच्छा नव्हती.

“घेतली नाहीत,” मी म्हणाले. “सूत्रावरून भरली.”

“आणि हे शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव?”

“ते खरं वाटावं म्हणून.”

मागे कोणीतरी हसले. ज्यांचे लंबक माझ्या वहीवरून झुलत, त्या जमिनीकडे पाहत होत्या.

“वा,” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे आपण निष्कर्ष घरून घेऊन आलात आणि इथे फक्त प्रयोग उरकायचा होता. मोजायची टेप आहे का? मग मोज. आधी चुकीच्या जोडणीचं, मग बरोबर जोडणीचं. पेनने लिही. जुनं टेबल एका रेघेने काट. खालचं वाचता आलं पाहिजे.”

मी तासभर मोजले. मैत्रीण टेपचे दुसरे टोक धरून होती. बरोबर जोडणीत शांत जागा एक मीटरच्या आसपासच सापडल्या, पण पुढची मोठ्या आवाजाची जागा दोन मीटरवर काही केल्या येईना. ती एका बाजूला २.१५ वर येत होती आणि दुसऱ्या बाजूला २.१२ वर. तीन वेळा मोजूनही तेच. मी तेच लिहिले. घरी जाऊन सूत्र बाजूला ठेवले आणि काटकोन त्रिकोणाने दोन्ही स्पीकरांपासूनची अंतरे सरळ काढून पाहिली, तेव्हा उत्तर २.१४ आले. पुस्तकातले सूत्र रेषा खूप दूर आहे असे धरून चालते आणि माझी रेषा तेवढी दूर नव्हती. म्हणजे मी खरे वाटावे म्हणून लिहिलेले २.०३ सूत्राच्या चुकीशी इमान राखून होते आणि टेप त्याहून शहाणी निघाली होती.

आठवड्याने मॅडमनी मला एक पाकीट दिले. “नाव तुझं दिलंय. पण संस्थेसाठीच्या पत्रात जे घडलं ते सगळं लिहिलंय. पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. वाच. द्यायचं नसेल, तर शुक्रवारपर्यंत परत आण. मी दुसरं नाव लिहीन.”

मैत्रीण जिन्यात थांबली होती. तिची भिंगे निर्दोष झाली होती आणि तसे तिने मला ऐकवलेही होते. “परत द्यायचं असलं तर लाजू नकोस,” ती म्हणाली. “सहा आठवडे मी मोकळीच आहे.”

पत्र इंग्रजीत होते, पाच ओळींचे. या विद्यार्थिनीने प्रयोगाआधीच निरीक्षणे लिहिली होती, विचारल्यावर तसे मान्य केले, उलट आलेल्या निकालाचे कारण स्वतः शोधले, मग मोजले. प्रशंसेचा शब्द एकही नव्हता. मी ते घरी वडिलांना मराठीत सांगितले आणि म्हणाले, “पहिलं वाक्य वाचूनच ते मला बाहेर काढतील.”

वडिलांनी पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले. “आमच्या इथं परदेशी कंपनी भागीदार झाली ना, तवापासून ऑडिटर येते. पहिल्यांदा आला तवा आमची नोंदवही कशी होती सांगू? कोरी करकरीत. एक खाडाखोड नाही. सायबानं तीच बाजूला काढली अन् म्हणाला, ही कोणी घरी बसून लिहिली?”

“कोणी लिहिली होती?”

“मीच,” ते म्हणाले आणि पत्र पाकिटात घातले. “देऊन टाक. काऊन परत देऊन राहिली?”

संस्थेत एका खोलीत चप्पल घातलेले, पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी पत्र वाचले, पुन्हा पहिल्या ओळीवर गेले आणि हात पुढे केला. “ते पान आणलंय?”

मी वही उघडून दिली. त्यांनी काटलेला तक्ता वाचला, मग खालचा वाचला आणि २.१५ वर बोट ठेवले. मी काटकोन त्रिकोणाचा हिशेब सांगितला. त्यांनी मान हलवली नाही.

“शांत जागी ऊर्जा कुठे जाते?”

“मोठ्या आवाजाच्या जागी,” मी म्हणाले. “वायर उलटी केली, तेव्हा शांत आणि मोठ्या जागांची नुसती अदलाबदल झाली. मोठ्या आवाजाच्या जागी ती एका स्पीकरच्या चौपट असते, शांत जागी शून्य. सरासरी दुप्पट, म्हणजे दोन स्पीकरांचीच.”

“चौपट?” त्यांनी वहीवरून वर पाहिले. “मोजलीत तुम्ही?”

उत्तर इतके घरंगळत आले होते, की मला ते मागे जाऊन तपासावे लागले. “नाही. जागांची अदलाबदल मोजली आहे. चौपट मी सूत्रावरून सांगते आहे.”

“मग वाक्यात तसं म्हणत जा,” ते म्हणाले आणि वही परत दिली. “मेच्या पहिल्या सोमवारी साडेनऊला या. चौपट आहे की नाही ते तेव्हा बघू. आणि येताना पेन आणा. पेन्सिल इथे चालत नाही.”